बाहेरून आणा

कराडला मामेभावाचं मेडिकल आहे. गावी गेलो की संध्याकाळचा तासभर मी त्याच्या काउंटरच्या आत स्टुलावर बसून काढतो. गर्दी नसली तर गप्पा, असली तर नुसतं बघत राहायचं. 2024च्या दिवाळीच्या तोंडावर असाच बसलो होतो, तेव्हा एक निवृत्त मास्तर आले. दादाला त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे दादा उभा राहूनच बोलत होता. सरांनी बीपीच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे मोजून दिले, जायला वळले आणि परत फिरले. खांद्यावरच्या शबनममधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी काचेवर ठेवलं. कोविडमधल्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनची बाटली. शंभर मिलिग्रॅम, झाकण शाबूत, तळाला पांढरी भुकटी घट्ट बसलेली, लेबलवरची मुदत केव्हाच उलटलेली. दादाला वाटलं, सर पैसे परत मागणार. 'कंपनी आता घेत नाही हो' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनीच विचारलं, "अरे, हे टाकायचं कुठं?"

"द्या सर, एक्सपायरीच्या खोक्यात ठेवतो. नष्ट करायला जातं ते सगळं." सरांनी बाटलीवरचा हात काढला नाही. म्हणाले, "घंटागाडीत टाकवेना बघ. कृष्णेत सोडावं तर काच आहे, वर औषध, तेही बरं नव्हे." मग दादाकडं न बघता, मागच्या रॅककडं बघत, "सहा लागतील म्हणाले होते. चार मिळाली. हे पाचवं पुण्याहून घेऊन निघालो आणि उंब्रजच्या अलीकडं फोन आला, की आता नको." एवढं बोलून त्यांनी बाटली पुन्हा रुमालात गुंडाळली. "राहू दे आजचा दिवस. पुढच्या खेपेला आणतो." आणि गेले.

दादा पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचायला लागला. मला मात्र ते 'चार मिळाली' सोडेना. साडेतीन वर्षं हा माणूस मनात सहा वजा चार करत बसलेला, आणि उरलेल्या दोनमध्ये त्याची बायको. त्या औषधाबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. त्यातलं काही त्यांना सांगावं का, सांगितलं तर त्यांचं ओझं कमी होईल की वाढेल, हे तेव्हाही मला कळलं नाही आणि अजूनही धड कळत नाही.

2021चा एप्रिल मला आठवतो तो याच दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरसकट. काउंटरपुढं बांबू आडवा बांधलेला, त्याच्या पलीकडं माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो. सॅनिटायझर आणि लिमसीच्या गोळ्या यांचा मिळून एक आंबूस वास. साठ्याचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या कक्षातून थेट दवाखान्यांना होत होतं, दादाकडं एक बाटली नव्हती. पण ज्याचं मेडिकल आहे त्याच्याकडं नसेल कसं, यावर गाव ठाम होतं. 11 एप्रिलला केंद्रानं निर्यात थांबवली. 17 तारखेला कंपन्यांनी भाव उतरवले, 2800 रुपयांची एक बाटली 899वर आली. छापील भाव उतरला आणि मिळायचा भाव चढत गेला. पुण्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर नातेवाइकांनी ठिय्या मांडला. बारामतीत रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी सापडली. त्याच 17 तारखेच्या रात्री दमणच्या एका कंपनीच्या संचालकाला पोलिसांनी चौकशीला आणलं, तर विरोधी पक्षनेते स्वतः विलेपार्ल्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसले. एका खासदारांनी दिल्लीहून खासगी विमानानं खोकी नगरला आणली, त्याची चित्रफीत टाकली आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. साठा कुणी केला, कुणाला मिळाला, कुणी अडवला यावर दिवसरात्र रण माजलं होतं. खोकी आली याचा आनंद झालेली माणसंही मी पाहिली आहेत. मी त्यांना हसणार नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या घरातही खोकी आली होती.

माझे मामा, म्हणजे दादाचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचा एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी चौदा आला, ऑक्सिजन एकोणनव्वदवर घसरला आणि एका खासगी दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. दादाचा इतक्या वर्षांचा स्टॉकिस्टांशी व्यवहार, कुणाच्या तरी दवाखान्याच्या कोट्यातून सहाच्या सहा बाटल्या रात्रीत आल्या. अण्णा वाचले. आमच्या घरी या विषयावर एकमत आहे: अण्णा वाचले ते इंजेक्शनानं, आणि इंजेक्शन आलं ते दादामुळं. मामी अजून लग्नाकार्यात नव्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना दादाच्या पाठीवरून हात फिरवतात. अण्णांना त्याच काळात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होतं, रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, ऑक्सिजन होता, पालथं झोपवत होते. पण या गोष्टींना मामींच्या गोष्टीत जागा नाही. ती आणायला कुणाला धावावं लागलं नव्हतं ना. सरांनी तेव्हा दादाला फोन केला होता का, हे मी दादाला विचारलेलं नाही. त्या दिवसांत त्याचा फोन बराच वेळ बंद असायचा.

सगळी गोम त्या चिठ्ठीत आहे, असं मला हळूहळू वाटायला लागलंय.

'हे बाहेरून आणा' हे काही कोविडनं आणलेलं नाही. मी पाचवी-सहावीत असताना आजोबांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा सिस्टर रोज सकाळी पाठकोऱ्या कागदावर यादी द्यायच्या: सलाईन, सुई, कापूस, चिकटपट्टी, एकदा तर टाके घालायचा दोरासुद्धा. ती यादी घेऊन पळणं हे माझं काम. मला त्याचा मोठेपणा वाटायचा. चपला फटफटवत मी मेडिकलवर जायचो, पुडकं घेऊन यायचो, सिस्टर 'शाब्बास' म्हणायच्या आणि आजोबांच्या बरं होण्यात माझाही हात आहे असं वाटायचं. दवाखान्यात दोरा का नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. बाबांच्याही नाही. आपल्याकडं पेशंट ठेवायचा म्हणजे घरातला एक धावणारा माणूस दवाखान्याला द्यायचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की 2021मध्ये जगभर चर्चेत असलेल्या औषधाचीही आपण तीच यादी केली. जिल्हाधिकारी आदेश काढत होते की दवाखान्यांनी नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊ नये, औषध दवाखान्यानंच मिळवावं. आदेश व्हॉट्सअॅपवर फिरत होते आणि त्याच्याच खालच्या मेसेजमध्ये चिठ्ठीचा फोटो असायचा.

माझा एक शाळासोबती एमडी मेडिसिन आहे. त्या काळात एका कोविड सेंटरला असायचा. पुढं बऱ्याच दिवसांनी, एका बारशात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो असताना मी त्याला विचारलं, की तुला माहीत होतं ना, हे जीवरक्षक औषध नव्हे, टास्क फोर्सचे डॉक्टर टीव्हीवर तेच ओरडून सांगत होते, मग का लिहीत होतास? तो श्रीखंड बोटानं पुसत म्हणाला, "नाही लिहिलं तर नातेवाईक म्हणतात, डॉक्टरनं काही केलंच नाही. आणि तुला खरं सांगू? चिठ्ठी लिहिली की ते चार तास बाहेर जातात. तेवढे चार तास वॉर्डात शांतता. चाळीस पेशंट, दोन सिस्टर, मी एकटा. दारात पंचवीस माणसं उभी असली ना, की हात थरथरतात रे." मग म्हणाला, "पण काही जणांना मी मनापासूनही लिहिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी, ऑक्सिजनवर नुकताच गेलेला पेशंट, अशाला उपयोग होईल असं वाटायचं. ते सगळं चूक नव्हतं." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. चार तासांच्या शांततेसाठी सर पुण्याला गेले होते की खरंच उपयोग होईल म्हणून, हे आता त्या डॉक्टरलाही सांगता यायचं नाही.

त्या दोन वर्षांत औषधांचे नुसते हंगाम येऊन गेले. 2020च्या मार्चात आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध सुचवलं. एप्रिलमध्ये अमेरिकेला ते पाठवायचं की नाही यावर देशाची मान ताठ की खाली अशी चर्चा रंगली. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीनं सांगितलं की दवाखान्यातल्या रुग्णांना त्याचा काही फायदा नाही. मजा म्हणजे त्याच जूनमध्ये, हे औषध घातक आहे असं सांगणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला मोठा लेख आकडेवारीच्या खरेपणावर शंका आल्यानं मागं घ्यावा लागला. म्हणजे बाजूचेही तोंडघशी आणि विरोधातलेही. मग सोसायट्यांच्या गेटवर होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या. मग फॅबिफ्लू हे विषाणूविरोधी औषध, 103 रुपयांना एक गोळी, आणि पहिल्या दिवशी अठरा गोळ्या घ्यायच्या. मग बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा. 29 जून 2020ला आपल्या मुख्यमंत्र्यांनी प्रोजेक्ट प्लॅटिनाचं उद्घाटन केलं, जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून. तोवर आयसीएमआरची स्वतःची चाचणी देशातल्या 39 दवाखान्यांत चालूच होती. 464 रुग्ण, आणि निष्कर्ष असा की प्लाझ्मानं ना मृत्यू टळले, ना आजार बळावणं थांबलं. हे ऑक्टोबर 2020मध्ये छापून आलं. तरी पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रोज 'बी पॉझिटिव्ह डोनर हवा, अर्जंट' येतच होतं. अधिकृत यादीतून प्लाझ्मा निघाला 17 मे 2021ला. लाट ओसरायला लागली होती.

गोव्यातलं तर विसरता येत नाही. 10 मे 2021ला तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, लक्षणं असोत नसोत, आयव्हरमेक्टिनच्या, म्हणजे जंतांवरच्या गोळ्या पाच दिवस द्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, देशभर वाद झाला, टीव्हीवर दोन्ही बाजूंचे डॉक्टर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान ऑक्सिजनचा दाब पडून माणसं जात होती. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात त्यावर रोज सुनावणी चालली होती. अडचण काय निघाली, तर सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरनं ओढून आणायच्या, जोडायच्या, आणि ते नाजूक काम करणारे चालक पुरेसे नव्हते. आयव्हरमेक्टिनवर मत नसलेला माणूस त्या आठवड्यात सापडला नसता. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांबद्दल कुणाचं काय मत असणार?

डेक्सामेथासोनचं मला फार नवल वाटतं. रिकव्हरी चाचणीनं 16 जून 2020ला जाहीर केलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू यानं एक तृतीयांशानं कमी होतात, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशानं. ज्याबद्दल एवढं ठामपणे सांगता येईल असं पहिलं औषध ते. आणि ते दादाच्या दुकानात कायम असतं, दम्याच्या, अॅलर्जीच्या गिऱ्हाइकांसाठी, काही रुपयांत. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही, कुणी विमान धाडलं नाही, काळाबाजार झाला नाही. झालं ते उलटंच. ताप आला की पहिल्याच दिवशी, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव असतानाही, कुणी ना कुणी ते चालू करायचं, आणि साखर वाढलेल्या माणसांच्या सायनसमध्ये म्युकरची बुरशी शिरायची. मे 2021मध्ये एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया यांनी स्टेरॉइड आणि सीटी स्कॅनच्या अतिरेकाबद्दल इशारा दिला. एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्सरे, असं ते बोलून गेले आणि रेडिओलॉजिस्टांची संघटना त्यांच्यावर तुटून पडली. पुढचे दोन दिवस वाद फक्त एक्सरे किती यावर. स्टेरॉइडचं बोलणं मागं पडलं आणि दादाच्या फोनवर पुन्हा चिठ्ठ्यांचे फोटो यायला लागले. आता नाव बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनचं.

आता सरांना काय सांगायचं ते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे आकडे ऑक्टोबर 2020मध्येच आले होते. त्या चाचणीत भारतही होता, आणि देशातलं काम बघत होती ती आपल्या भोसरीची नारी, म्हणजे आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था. निष्कर्ष सरळ होता: रेमडेसिव्हिरनं मृत्यू कमी झाल्याचं दिसत नाही. नोव्हेंबरात संघटनेनं ते वापरू नका अशी शिफारसही केली. म्हणजे सर पुण्याला गेले त्याच्या पाच महिने आधी. त्यावर थांबलो असतो तर मी सरांना म्हणालो असतो, की सर, पाचवं-सहावं मिळालं असतं तरी काही फरक पडला नसता, झोपा शांतपणे. पण ही चाचणी तिथं संपली नाही. 2022मध्ये अंतिम आकडे आले. व्हेंटिलेटरवरच्यांना फायदा नाहीच. पण नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत, औषध दिलेल्यांपैकी शंभरात 14.6 गेले आणि न दिलेल्यांपैकी 16.3. शंभरात दोनसुद्धा नाहीत असा फरक. शिफारस मग थोडी मऊ झाली. हा पावणेदोन माणसांचा फरक घेऊन मी काउंटरच्या आत बसलो होतो. सरांच्या पत्नी तेव्हा नुसत्या ऑक्सिजनवर होत्या की व्हेंटिलेटरवर, मला माहीत नाही. गणिताच्या मास्तरांना मी शंभरातले पावणेदोन समजावून सांगणार? त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं समजेल, हीच भीती. शिवाय हे सांगितलं तर त्यांची ती पुण्याची फेरी, अठरा हजार रुपये, रात्रभर सदाशिव पेठेत कुणाकुणाच्या पायऱ्या चढणं, हे सगळं मी एका वाक्यात फुकट घालवणार. आणि मामींच्या गोष्टीतून दादाचा हातही काढून घेणार. तेव्हा मी गप्प बसतो, पुढंही बहुधा गप्पच बसेन. पण सरांनी जी वजाबाकी करायला हवी ती सहा वजा चार नव्हे, असं मला आतून वाटतं.

अण्णा दवाखान्यात होते तेव्हा मला आत प्रवेश नव्हता. दवाखान्याच्या मागं पत्र्याची शेड होती, तिथं सावली म्हणून मी बसायचो. त्या शेडमध्ये सिलिंडर जोडलेले होते. दोन्ही बाजूंना सहा-सहा जम्बो, मध्ये तांब्याच्या नळ्या आणि दाब दाखवणारी दोन घड्याळं. एक चालू बाजू, एक राखीव. तिथं एक कामगार असायचे, पन्नाशीचे, पायात स्लीपर, हातात भलामोठा पाना. काटा एका खुणेच्या खाली आला की ते राखीव बाजू उघडायचे, रिकाम्या सिलिंडरांचे नट सोडायचे. फुस्स आवाज व्हायचा, आणि ते भरलेलं सिलिंडर कडेवर तिरपं धरून, त्याच्या बुडावर गोल फिरवत जागेवर आणायचे. साबणाचं पाणी लावून कुठं बुडबुडा येतोय का बघायचे. एका जम्बोत सात हजार लिटर. एक पेशंट मिनिटाला दहा लिटर ओढत असेल तर एक सिलिंडर बारा तासही पुरत नाही. हाय फ्लोवर असेल तर मिनिटाला साठ, दोन तासांतच संपलं. मी एकदा विचारलं, तुम्हाला डुलकी लागली तर? ते म्हणाले, "म्हणून तर चहा. दुसरा होता, त्याला ताप आलाय." रात्री त्या शेडमध्ये तो एक माणूस आणि दोन काटे, आणि वर दोन मजल्यांवर झोपलेली माणसं त्या काट्यांवर. दवाखान्याच्या दर्शनी भागात त्याच वेळी वीसेक नातेवाईक रेमडेसिव्हिर कुठं मिळतंय यावर बोलत बसलेले असायचे. मागच्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं, मीही सावलीसाठीच गेलो होतो.

नाशिकला 21 एप्रिलला झालं ते याच काट्यांचं. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात नुकतीच बसवलेली द्रवरूप ऑक्सिजनची टाकी, भरताना गळती सुरू झाली, सगळा आवार पांढऱ्या धुक्यानं भरला, आणि दाब पडून बावीस माणसं गेली. दोन दिवसांनी विरारच्या दवाखान्यात आयसीयूला आग. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली होती, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटला आणि अकरा माणसं गेली. चार दिवस संताप, पाच लाख, चौकशी समिती. मग पुन्हा औषधांची चर्चा. मला वाटतं याचं कारण असं, की औषधाच्या वादात प्रत्येकाला उतरता येतं. औषधाला नाव असतं, भाव असतो, साठेबाज असतो, बाजू घेता येते, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याला आणता येतं. तांब्याची नळी कुणी बाहेरून आणून देऊ शकत नाही. सिस्टर आणता येत नाही. रात्री दोन वाजता पाना धरून जागा असलेला माणूस चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

नंदुरबारनं मात्र ते वेळेत आणलं. महाराष्ट्राच्या नकाशात अगदी वरच्या कोपऱ्यातला, सगळ्या याद्यांत शेवटी नाव येणारा आदिवासी जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, बाकी ठिकाणी जम्बो सेंटरचे मांडव उतरवायची भाषा चालू होती तेव्हा, त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्लांट बसवला, मग दुसरा, तिसरा. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमहून टँकर रेल्वेवर चढवून आणायची वेळ राज्यावर आली, तेव्हा नंदुरबारला शेजारच्या जिल्ह्यांतून, अगदी गुजरात-मध्य प्रदेशातूनही रुग्ण येत होते. त्यांचं कौतुक खूप झालं, 'नंदुरबार पॅटर्न' म्हणून. आपल्याकडं एखाद्यानं नेमून दिलेलं काम वेळेवर केलं की त्याचा पॅटर्न होतो.

त्यानंतर प्लांट सगळीकडं आले. आमच्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातही आहे. हिरवा रंग, वर फलक, फलकावर तीन पुढाऱ्यांची नावं. मागच्या वर्षी एका नातेवाइकाला कुत्रं चावलं म्हणून तिथं गेलो होतो. लस होती, लगेच दिली, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. बाहेर आलो आणि सवयीनं मागच्या बाजूला गेलो. जाळीच्या दाराला कुलूप, कॉम्प्रेसरवर धूळ, पायाशी घाणेरीचं झुडूप कमरेएवढं. वॉचमनला विचारलं, चालतो का? "चालतो की. मॉक ड्रिलला चालू करून फोटो काढला होता." कोण चालवतं? "एक पोरगं होतं, कंत्राटी. त्याची ऑर्डर संपली." कोविडात घेतलेल्या सिस्टरांच्या ऑर्डरीही अशाच तीन-तीन महिन्यांच्या होत्या. टाळ्या, थाळ्या, हेलिकॉप्टरनं फुलं, आणि मग ऑर्डर संपली. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला: प्लांटची शेवटची देखभाल कधी झाली, शुद्धता कधी तपासली, चालवणारा कोण. उत्तर आलं की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्ज वर्ग करण्यात येत आहे. जिथं वर्ग झाला तिथून तो आणखी कुठंतरी वर्ग झाला आहे.

2023च्या ऑक्टोबरात नांदेडला सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं. तेव्हा कुठली साथ नव्हती. टीव्हीवर नातेवाईक सांगत होते, औषधं बाहेरून आणायला सांगितली. त्याआधी दीडच महिना, 15 ऑगस्टपासून, आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले होते.

2025च्या जूनमध्ये पुन्हा बातम्या यायला लागल्या. नवा उपप्रकार, रोजचे आकडे, पडद्यावर तोच काटेरी चेंडू. मी कराडलाच होतो. रात्री जेवताना अण्णा दादाला म्हणाले, "सहा बाजूला काढून ठेव रे. मागल्यासारखं व्हायला नको." मी म्हणालो, "अण्णा, त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयातला प्लांट चालू आहे का ते बघायला हवं. तुम्ही पंचायत समितीवर होता, तुम्ही विचारलंत तर उत्तर तरी मिळेल." अण्णांनी भाकरी मोडली. म्हणाले, "ते सरकारचं काम. आपण आपलं बघावं." मामी मला म्हणाल्या, "आणि तुझ्या आईसाठी पण सांगून ठेव." दादानं दोघांनाही मान डोलावली, आणि मला म्हणाला, "अर्जाचा नंबर दे तुझ्या. तिथला एक क्लार्क माझं गिऱ्हाईक आहे."